पहिला सूर कुणाचा?

गणपती जवळ आले की आमच्या रत्नागिरीत आणि आजूबाजूच्या वाड्यावाड्यांत कार्यक्रमांचे बॅनर झळकायला लागतात. मैत्रिणींनो, या वर्षी एक करा. तुमच्या नाक्यावरचा बॅनर जरा थांबून नीट वाचा. 'सुश्राव्य भजन' असेल तिथे बुवांचं नाव असतं, तेही पूर्ण, वडिलांच्या नावासकट. पखवाजावर कोण, झांज कुणाची, तेसुद्धा असतं. जाखडी असेल तर शाहिरांचं नाव, त्यांच्या गुरूंचं नाव, शक्तीवाले की तुरेवाले, सगळं ठळक अक्षरांत. आणि मग खाली, जागा उरली असेल तर, एक ओळ: 'दुपारी ३ वाजता महिलांचे भजन.' संपलं!

कुठल्या महिला? पेटीवर कोण? चाल कुणी बसवली? गाणं उचलणार कोण आणि झील धरणार कोण? काही पत्ता नाही. जणू या बायका दुपारी तीन वाजता आभाळातून पडणार आणि आरतीच्या आधी पुन्हा आभाळात जाणार.

मी गेली काही वर्षं महिला मंडळं आणि बचत गटांच्या कामानिमित्त गावागावांत फिरते. जिथे चार बायका जमतात तिथे गाणं असतंच. आणि जिथे गाणं असतं तिथे पहिली ओळ उचलणारी एक बाई असते. बाकीच्या तिच्या तोंडाकडे बघत असतात. तिचं काम बाहेरून दिसतं तेवढं सोपं नाही हो! सत्तरीच्या आजींनाही पेलेल आणि कॉलेजातल्या मुलीलाही खाली वाटणार नाही अशी पट्टी तिला धरायची असते. कुणाचा ताल धावतो, कुणाला शब्द आठवत नाहीत, कुणाला पुढे बसायला आवडतं, हे सगळं तिच्या डोक्यात असतं. रात्रीची भांडी आवरून सगळ्यांना सरावाला गोळा करायचं तिनेच. एखादीच्या नवऱ्याला 'जरा पाठवा हो वहिनींना' अशी गळ घालायची तिनेच. रुसलेलीची समजूत काढायचीही तिनेच. मोठ्या शहरांत या कामाला गायकवृंदाचं नेतृत्व असा भारदस्त शब्द आहे. आपल्याकडे त्याला शब्दच नाही. म्हणतात, 'ती जरा बरी गाते.'

मागे एका उत्सवाच्या बैठकीत मी हा विषय काढला. म्हटलं, बुवांचं नाव छापता तसं मंडळाच्या बाईंचंही छापा. समितीतले एक जण हसून म्हणाले, "ताई, बायकांची नावं घालायची तर पंचवीस घालावी लागतील. एकीचं घातलं की चोवीस रुसतील." गंमत म्हणजे बुवांच्या मागेही दहा-बारा झीलकरी असतात. ते कधी रुसल्याचं ऐकिवात नाही! आणि खुद्द त्या मंडळातल्या काकी काय म्हणाल्या? "अगो, माझं नाव कशाला गो? देवाचं गाणं, देवाला पोचलं की झालं."

काकींचं हे म्हणणं मनापासूनचं होतं. म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवं. त्यासाठी तुम्हाला जरा लांबची गोष्ट सांगते. तिची सुरुवात मात्र आपल्याच जिल्ह्यात आहे.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले आपल्या गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचे. १८६६ साली त्यांचा जन्म तिथे झाला. १९१२ साली ते दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले. तिथल्या हिंदी लोकांचे हाल पाहायला गांधीजींनीच त्यांना बोलावलं होतं. नाताळ प्रांतात, डर्बनजवळच्या इनांडा भागात गांधीजींचा फिनिक्स आश्रम होता. १९०४ साली स्थापन झालेला. तिथून जवळच ओहलांगे नावाची एक शाळा होती. झुलू मुलांसाठी झुलू माणसांनीच काढलेली. तेव्हा तो प्रदेश इंग्रजांच्या ताब्यात, जमिनी गोऱ्यांच्या, कायदे गोऱ्यांचे. अशा ठिकाणी काळ्या माणसांनी स्वतःची शाळा चालवणं ही साधी गोष्ट नव्हती. नोव्हेंबर १९१२ मध्ये गोखले गांधीजींबरोबर ती शाळा बघायला गेले. विद्यार्थ्यांनी त्यांना झुलू गाणी म्हणून दाखवली, बँड वाजवून दाखवला. ही हकिगत तेव्हा गांधीजींच्या 'इंडियन ओपिनियन'मध्ये छापूनही आली. आपल्या कोतळूकच्या सुपुत्राच्या कानावर ते गाणं पडलं, याची मला फार मौज वाटते.

शाळेचे संस्थापक म्हणून सगळीकडे नाव येतं जॉन डुबे यांचं. तेही मोठेच होते, यात वाद नाही. पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस म्हणून जी संघटना जगाला माहीत झाली, तिचे ते पहिले अध्यक्ष. १९१२ च्या जानेवारीत त्यांची निवड झाली. पण त्या शाळेला दुसरीही एक संस्थापक होती आणि तिथे गाणं रुजवलं ते तिने. तिचं नाव नोकुटेला. जॉन यांची पत्नी.

नोकुटेलाचा जन्म १८७३ चा. इनांडाला अमेरिकन मिशनची मुलींची शाळा होती, तिथे ती शिकली. ज्या अमेरिकन मिशनने आपल्याकडे अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, मुलींच्या शाळा काढल्या, त्याच संस्थेचं हे तिकडचं काम. १८९४ साली तिचं लग्न झालं. नवराबायको दोघंही अमेरिकेला गेली, तिथे शिकली. तिथल्या सभांमधून जॉन भाषण करायचे आणि नोकुटेला गायची. शाळेसाठी पैसा असा उभा राहिला. भाषणाने लोक विचार करतात, पण गाण्याने पाकीट उघडतं, हे आपण देणग्या मागत फिरणाऱ्यांनी अनुभवलेलं आहेच!

परत आल्यावर १९००-०१ च्या सुमारास शाळा सुरू झाली. नोकुटेला तिथे शिवण शिकवायची, स्वयंपाक शिकवायची आणि गाणं शिकवायची. घर, शाळा, पाहुणे, मुलांची आजारपणं, सगळं तिच्याच अंगावर. मुलांना एकत्र उभं करून तिने गायकवृंद तयार केला. १९११ साली त्या दोघांनी मिळून झुलू गाण्यांचं पुस्तक काढलं. लग्नातली गाणी, प्रेमाची गाणी, खेळातली, नाचातली गाणी. नावाचा अर्थच 'लोकांची गाणी' असा. मिशनच्या शाळेत शिकलेल्या बाईने इंग्रजी स्तोत्रांवर न थांबता आपल्या आयाबायांची गाणी लिहून काढावीत, याचं मोल आपल्याला कळतं. आपल्याकडे शिकलेल्या सुनांनी जात्यावरच्या ओव्या 'अडाण्यांच्या' म्हणून टाकून दिल्या, तोच हा काळ.

पुढे ओहलांगेच्या गायकवृंदाने 'न्कोसी सिकेलेल आफ्रिका' हे गाणं जोहान्सबर्गच्या कार्यक्रमांतून लोकांपर्यंत नेलं. गाणं रचलं ते एनॉक सोन्टोंगा या शिक्षकाने, १८९७ साली. आज ते दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रगीताचा भाग आहे. ज्या शाळेने ते घरोघरी पोचवलं, तिथे मुलांचा गळा पहिल्यांदा तयार केला तो नोकुटेलाने.

आणि तिचं काय झालं? तिला मूलबाळ झालं नाही. पुढे संसार मोडला, दोघं वेगळी झाली. १९१७ साली जोहान्सबर्गला ती आजारात गेली. पंचेचाळिशीही गाठली नव्हती. ब्रिक्सटनच्या दफनभूमीत तिला पुरलं. त्या जागेवर नाव नाही, काही नाही. दफ्तरात नुसता एक क्रमांक.

२७ एप्रिल १९९४ ला नेल्सन मंडेलांनी आयुष्यातलं पहिलं मत दिलं, ते याच ओहलांगे शाळेत. त्या वेळी ते जॉन डुबे यांच्या समाधीवरही गेले आणि देश स्वतंत्र झाल्याचं त्यांना सांगितलं. साऱ्या जगाने ते पाहिलं. त्या दिवशीसुद्धा शाळेची दुसरी संस्थापक दूर जोहान्सबर्गला एका क्रमांकाखाली झोपलेली होती. पुढे शेरीफ केता या माली देशातल्या प्राध्यापकाने चिकाटीने तिची जागा शोधली, तिच्यावर चित्रपट केला आणि २०१३ साली तिच्या नावाचा दगड तिथे बसला. जवळजवळ शंभर वर्षांनी!

कुणी म्हणेल, हे झालं आफ्रिकेत. आपल्याकडे असं नसतं. नसतं कसं? पुन्हा गुहागर तालुक्यातच येऊ. कोतळूकहून पालशेत काही लांब नाही. १९५१ साली पालशेतला एक बाई वारली. तिचं नाव हिराबाई पेडणेकर.

हिराबाई मूळच्या सावंतवाडीच्या, कलावंतांच्या घरात जन्मलेल्या. मुंबईत वाढल्या, तिथेच शिकल्या. गाणं तर घरातलंच. पण त्यांनी नुसतं गाण्यावर समाधान मानलं नाही, त्या लिहायला लागल्या. १९०४ साली 'जयद्रथविडंबन' हे त्यांचं नाटक आलं. नंतर 'संगीत दामिनी'. ते १९१२ साली केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीने रंगभूमीवर आणलं. म्हणजे ज्या वर्षी गोखले ओहलांगेला गाणी ऐकत होते, त्याच वर्षी कोकणातल्या एका बाईचं संगीत नाटक मराठी रंगमंचावर उभं होतं. शब्द बाईचे, पदं बाईची. पण रंगमंचावर एकही बाई नाही! नायिकाही पुरुष आणि तिच्या सख्याही पुरुष. तेव्हा रीतच तशी होती. गाणाऱ्या घराण्यातल्या हिराबाईंनी लिहिलेलं गाणं टाळ्या घेणार ते पुरुषांच्या गळ्यातून.

त्या काळचे नामवंत लेखक-कवी हिराबाईंच्या घरी येत. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना त्या गुरू मानत. आपल्या चिपळूणला जन्मलेल्या मामा वरेरकरांनी आपल्या आठवणींत त्यांच्याविषयी लिहिलं आहे. पण लेखिका म्हणून बरोबरीने बसवून घेणं वेगळं आणि घरी जाऊन गाणं ऐकणं वेगळं. समाजाने त्यांच्या जन्माचं कुळ बघितलं, लेखणी बघितली नाही. अखेर त्यांनी मुंबई सोडली आणि पुढचं आयुष्य पालशेतला काढलं. वसंत कानेटकरांनी त्यांच्या आयुष्यावरून 'कस्तुरीमृग' हे नाटक लिहिलं, तेव्हा कुठे अनेकांना त्यांचं नाव कळलं. आजही हिराबाईंचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, 'त्यांच्याकडे कोणकोण यायचं?' त्यांनी काय लिहिलं, हा प्रश्न नंतर. आला तर आला.

नोकुटेला आणि हिराबाई, दोघी एकाच काळातल्या. दोघींच्याही देशावर इंग्रजांचं राज्य. एकमेकींचं नावही त्यांना माहीत असण्याचं कारण नाही. एक मिशनच्या शाळेत शिकलेली लग्नाची बायको, दुसरी कलावंतांच्या घरातली, लग्नाचा मान नाकारलेली. म्हणजे बाई 'घरंदाज' असली तरी नाव पुसलं गेलं आणि नसली तरी पुसलं गेलं. मग दोष बाईच्या वागण्याचा कसा म्हणायचा? दोष नोंद ठेवणाऱ्यांचा. गाणं ऐकलं, वापरलं, डोक्यावर घेतलं, पण वहीत नाव लिहिताना हात थबकला.

आता काकींकडे वळू. 'देवाचं गाणं, नाव कशाला?' काकी, आपण रोज म्हणतो त्या अभंगांचा शेवट आठवा. शेवटच्या चरणात काय असतं? नाव असतं! नामा म्हणे, तुका म्हणे. आणि फक्त पुरुषांचं नाही. जनाबाई दळण-कांडण करणारी, दुसऱ्याच्या घरची दासी. तिनेही अभंगात आपलं नाव घातलं. मुक्ताबाईने घातलं. शिऊरच्या बहिणाबाईने नवऱ्याचा मार खाऊन अभंग लिहिले आणि त्यात आपलं नाव घातलं. जनीने नाव घातलं नसतं तर आज तिचे अभंग आपण कुणाचे म्हणून गायले असते? देवाच्या दारात नाव सांगणं हा अहंकार असता, तर संतांनी तो केला नसता. नाव म्हणजे मोठेपणा नव्हे. नाव म्हणजे हे कुणी केलं, याची साक्ष.

आणि ही साक्ष ठेवता येते, हे दाखवून देणारे लोक महाराष्ट्रातच आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवॅ यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखावर ओव्या गोळा केल्या. नुसत्या ओव्या नाहीत, ती ओवी कुठल्या गावातल्या कुठल्या बाईने सांगितली, तेही लिहून ठेवलं. हजारो बायकांची नावं त्यामुळे टिकली. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या ओव्या इंटरनेटवर ऐकायला मिळतात. एखाद्या नातवाने गावाचं नाव शोधावं आणि त्याला आपल्या आजीचा आवाज ऐकू यावा, ही केवढी मोठी गोष्ट आहे! त्या बायका कुणी प्रसिद्ध गायिका नव्हत्या. शेतात राबणाऱ्या होत्या. पण कुणीतरी त्यांना विचारलं, 'बाई, नाव काय तुमचं?' सगळा फरक त्या एका प्रश्नाने पडला.

आपल्या कोकणात हा प्रश्न विचारायला वेळ कमी आहे. गौरीची गाणी, फुगड्यांची गाणी, लग्नात हळदीला म्हणायची गाणी ज्यांना येतात त्या आता सत्तरी-ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्यांच्या मुली मुंबईला, नाती पुण्याला. आता हळदीला डीजे लागतो आणि आजी कोपऱ्यात खुर्चीवर बसते. तिच्या डोक्यात दीडशे गाणी असतात. ती गेली की दीडशे गाणी एका दिवसात जातात. दहाव्याला आपण म्हणतो, 'छान गायच्या हो!' पण त्यातलं एकही गाणं आपल्याला पूर्ण येत नाही.

म्हणून माझं म्हणणं अगदी साधं आहे. त्याला सरकारी अनुदान नको, समिती नको.

एक, प्रत्येक महिला मंडळाने एक वही घालावी. गाणं लिहिताना त्याखाली लिहावं: चाल कुणाची, पहिल्यांदा कुणी शिकवली, ती कुठल्या गावची. 'अमक्याची आई' नको. तिचं स्वतःचं नाव. माहेरचं गाव माहीत असेल तर तेही, कारण गाणी माहेरून येतात. लांज्याची चाल दापोलीला कशी गेली, हे अशा वहीतूनच कळेल.

दोन, प्रत्येकीच्या हातात आता मोबाइल आहे. सणाला गावी आलेल्या नातवंडांना कामाला लावा. आजीला समोर बसवा, आवाज भरून घ्या. सुरुवातीला आजीनेच आपलं नाव आणि गाव सांगावं. आधी लाजेल, मग खुलेल.

तीन, आणि हे उत्सव समित्यांना सांगणं आहे. पुढच्या वेळी 'महिलांचे भजन' एवढंच छापू नका. गाणं उचलणारीचं नाव छापा, पेटीवालीचं छापा. चोवीस जणी रुसतील ही काळजी आमच्यावर सोडा. एवढ्या जणींना एका सुरात आणणारी बाई त्यांचा रुसवाही काढील, तिला त्याची सवय आहे.

आणि चौथं सांगणं आपल्याच मैत्रिणींना. कुणी नाव विचारलं की 'लिहा हो महिला मंडळ' म्हणू नका. मान खाली घालून 'मी आपली अशीच' म्हणू नका. नाव सांगा. स्पष्ट सांगा. तुम्ही सांगितलंत तर तुमच्या शेजारी बसून झील धरणारी मुलगी उद्या स्वतः पहिली ओळ उचलायला धजावेल. पहिला सूर लावायला धाडस लागतं. ते धाडस कुणी केलं होतं, हे तिला माहीत असायला हवं.

नोकुटेलाच्या नावाचा दगड बसायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. आपल्या वहीत एक नाव लिहायला किती वेळ लागतो? फार तर अर्धं मिनिट.